दसऱ्यानंतरचे नमुने

आमच्या कंपनीत मला प्रामाणिक माणूस म्हणून ओळखतात. तसं पत्रच आहे, परीक्षण समितीच्या शिक्क्याचं. सरांनी ते फ्रेम करून बैठकीच्या खोलीत लावलंय, आणि नवीन माणूस कामाला लागला की त्याला त्या फ्रेमपुढे उभं करून ते सगळी हकीकत सांगतात. हकीकत सुरू झाली की मी खाली चहाला जातो. एव्हाना टपरीवाल्यालाही कळलंय की मी अवेळी खाली उतरलो म्हणजे वर कुणीतरी नवीन लागलंय.

ती हकीकत प्रत्यक्षात कशी घडली ते लिहून ठेवतो. फ्रेममध्ये ती नाही.

एमआयडीसीतल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरचा गाळा म्हणजे आमची प्रयोगशाळा. खालच्या मजल्यावर पुठ्ठ्याची खोकी छापणारा प्रेस, त्याच्यावर आम्ही, आणि आमच्यावर पत्रा. परदेशात शिकून आलेले सर हे मालक आणि मुख्य शास्त्रज्ञ. मी पीएचडी झालेला, म्हणून दुसरा शास्त्रज्ञ. तिसरा शास्त्रज्ञ नव्हता. यंत्राची आज्ञावली लिहिणारा एक मुलगा होता, तो बराचसा घरूनच काम करायचा, आणि मावशी होत्या.

आम्ही काय करत होतो ते सांगायला हवं, कारण माझ्या बायकोलाही ते लग्नानंतर तीन वर्षांनी कळलं. आपल्या शरीरातल्या पेशी दिवसभर बारीक बारीक पुड्या बाहेर टाकत असतात. शास्त्रात त्यांना जैविक नॅनोकण म्हणतात. कचऱ्याच्या डब्यावरून त्या घरात काय शिजलं आणि कोण आजारी आहे हे सफाईवाल्याला कळतं, तसं या पुड्यांवरून पेशींचं घर कसं चाललंय ते कळतं. मूत्रपिंड बिघडू लागलं की लघवीत या पुड्या वाढतात, असा आमचा दावा होता, आणि त्या मोजणारं यंत्र आम्ही बनवत होतो. अडचण एवढीच की त्या इतक्या लहान असतात की साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत. बाकीचे लोक त्यांना चमकणारा रंग लावतात आणि मग मोजतात. आम्ही रंग लावत नव्हतो. पोस्टाच्या तिकिटाएवढी काचेची चिप, तिच्यात केसाहून बारीक नाल्या. नालीतून नमुन्याचा थेंब सरकतो, त्याच्यावर प्रकाश पडतो, आणि तळाला एखादी पुडी चिकटली की परत येणारा प्रकाश किंचित बदलतो. तो बदल कॅमेरा टिपतो आणि पडद्यावर एक ठिपका उमटतो. कागदावर तरी उमटायचा.

‘आपण कुणाला रंग फासत नाही,’ हे सरांचं ठेवणीतलं वाक्य. प्रत्येक सादरीकरणात ते दुसऱ्या मिनिटाला यायचं आणि त्यानंतर सर हसण्यासाठी जागा सोडायचे.

या पद्धतीची एक खोड आहे. ती सर शेवटच्या स्लाइडवर बारीक अक्षरात टाकत. रंग ठरावीक पुडीलाच धरतो. रंगच नाही म्हटल्यावर तळाला जे काही चिकटेल ते सगळं दिसतं. पुडी चिकटली तरी ठिपका, धूळ चिकटली तरी ठिपका. आमच्या खांदेश्वरच्या सोसायटीचा वॉचमन इंटरकॉमवर ‘कोई आया है’ एवढंच सांगतो; कोण, ते दार उघडल्यावर आपण बघायचं. यंत्राची अक्कल तेवढीच होती.

त्यात खालचा प्रेस. तो सुरू झाला की आमचं टेबल थरथरायचं आणि पडद्यावरचे ठिपके नाचायचे. जर्मन बनावटीचे रबरी पाय लावले, टेबलाखाली वाळूची पोती घातली, शेवटी सर प्रेसच्या मालकाशी जाऊन बोलून आले. त्याने चहा पाजला आणि आमच्या यंत्राला लागणारी खोकी स्वस्तात छापून द्यायची तयारी दाखवली. तेव्हापासून आम्ही दुपारी एक ते दोन मोजायचो, प्रेसचे कामगार जेवायला बसत त्या तासात. मूत्रपिंडाच्या विकाराचं लवकर निदान हे खालच्या माणसांच्या डब्यावर अवलंबून होतं. एखाद्याने पटकन जेवून मशीन सुरू केलं की आमचा त्या दिवसाचा नमुना वाया.

आठ महिने असे गेले. निरोगी लोकांचे नमुने आणि आजारी लोकांचे नमुने यांत यंत्राला काडीचा फरक दिसेना. निरोगी नमुने आमचेच होते: माझा, सरांचा, आज्ञावलीवाल्याचा, मावशींचा, आणि प्रेसमधल्या काही सज्जनांचा. आजाऱ्यांचे एका दवाखान्यातून रीतसर संमतीने आलेले, आजार किती वाढलाय त्या क्रमाने लावून फ्रीजरमध्ये ठेवलेले. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात आमच्या अनुदानाची परीक्षण समिती येणार होती. तोवर काही दाखवता आलं नाही तर गाळ्याला कुलूप, हे सरांनी आम्हाला सांगितलं नव्हतं. ते फोनवर दुसऱ्या कुणाला तरी सांगत होते आणि गाळ्याच्या भिंती पातळ होत्या.

आता मावशींबद्दल. त्या जासईच्या. जासईला कंटेनर यार्डांचे ट्रेलर दिवसभर रस्त्यावरून जातात आणि धूळ घरात भातावर येऊन बसते, म्हणून तिथल्या घरात प्रत्येक गोष्टीवर काहीतरी झाकलेलं असतं. ती सवय मावशी बसने रोज सोबत घेऊन यायच्या. चहाच्या कपावर बशी, पाण्याच्या ग्लासावर पुठ्ठा, माझ्या उघड्या पेनावर टोपण. मी बाटल्या उघड्या टाकून जायचो. शास्त्रज्ञाचं डोकं वेगळीकडे असतं असं मी स्वतःला सांगायचो. डोकं वेगळीकडे म्हणजे बहुतेक मोबाइलमध्ये असायचं. मावशी मागून येऊन बाटल्यांना झाकणं लावायच्या, एक शब्द न बोलता. काचसामान त्या असं धुवायच्या की आठ महिन्यांत आमच्याकडे खात्रीने चालणारी तेवढी एकच गोष्ट होती.

त्या एजन्सीमार्फत कंत्राटावर होत्या, तीन वर्षं. एजन्सीच्या लेखी त्या हाउसकीपिंग, आणि एजन्सीला वाटलं की दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी दुसरी बाई. सरांनी त्यांना शब्द दिला होता की समितीचं पार पडलं की दिवाळीपासून कंपनीच्या नावावर, प्रयोगशाळा सहायक म्हणून. त्यासाठी ओळखपत्राचा फोटोसुद्धा काढून झाला होता. फोटोच्या दिवशी मावशी हिरवी साडी नेसून आल्या आणि मला विचारलं, “सर, यात हसायचा का गप ऱ्हायाचा?” मी म्हटलं, नियम असा काही नाही. त्यांनी बराच विचार केला आणि मधलंच काहीतरी केलं. त्यानंतर रोज सकाळी त्या ऑफिसात डोकवायच्या, “आयला का कार्ड?” कार्डं छापणाऱ्याकडे गेली होती. “अजून नाय? बरा,” म्हणत त्या बाटल्या धुवायला लागायच्या. घरी त्यांनी खुंटीसुद्धा ठरवून ठेवली होती, कार्ड टांगायला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी एमआयडीसीत काम होत नाही. सगळीकडे यंत्रं धुतात, हार घालतात, नारळ फोडतात, पेढे वाटतात आणि दुपारी घरी जातात. मावशी एपीएमसी बाजाराच्या बाहेरून झेंडू आणि नारळ घेऊन आल्या. मला हे अपेक्षित होतं, म्हणून मी आदल्या दिवशीच छोटंसं भाषण तयार करून ठेवलं होतं. हळदीचा एक कण आमच्या नालीपेक्षा मोठा असतो, कुंकवात काय काय असतं ते कुणाला माहीत नाही, नारळाच्या पाण्यात वनस्पतींच्या पेशींच्या पुड्या लाखोंनी असतात, सबब यंत्राच्या खोलीत पूजा चालणार नाही. मी बोर्डवर चित्रही काढलं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “दाराला हार चालंल का?” दाराला हार चालेल असं मी मोठ्या मनाने सांगितलं, आणि यंत्रावर प्लास्टिकचं कव्हर घातलं.

पूजा बाहेरच्या खोलीत झाली. सरांनी आपल्या लॅपटॉपला, स्टेपलरला आणि कॉफीच्या मशीनला कुंकू लावलं, फोटो काढून ग्रुपवर टाकला. नारळ मावशींनी बाहेर पायरीवर फोडला, पाणी वाटीत धरलं, खोबरं वाटलं. साडेबाराला सर गेले. मावशी विळी, करवंट्या आवरून गेल्या. मी थांबलो, कारण मला सवय होती एक वाजता मोजायची, आणि त्या दिवशी प्रेस पूर्ण बंद होता. एवढी शांतता आठ महिन्यांत मिळाली नव्हती. मी कव्हर काढलं, बफरची बाटली उघडली. बफर म्हणजे नमुना पातळ करायचं क्षारांचं, चार वेळा गाळलेलं पाणी. एक निरोगी नमुना चालवला, एक आजारी चालवला. पडदा दोन्हींना सारखाच रिकामा.

माझे वडील ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात फिटर होते. खंडेनवमीला एकदा त्यांनी मला सोबत नेलं होतं. लेथ घासूनपुसून चकचकीत केलेला, त्याच्यावर हळदीची बोटं, आणि वडील झेंडूचं फूल नारळाच्या पाण्यात बुडवून लेथवर तीनदा शिंपडत होते. डोळे मिटून. एरवी देवळाच्या पायरीलाही न शिवणारा माणूस. मी विचारलं तर म्हणाले, “वर्षभर आपण त्याला बोलतो. एक दिवस त्याचं ऐकायचं.”

हे मला आठवलं म्हणून मी ते केलं, असं लिहिलं तर बरं दिसेल. मला भीती वाटत होती, हे खरं कारण. खांदेश्वरच्या घराचे हप्ते होते, चाळिशी जवळ आली होती, आणि लघवीतल्या पुड्या मोजणाऱ्या माणसाला दुसरीकडे कोण ठेवून घेतं? बाहेरच्या टेबलावर वाटीत नारळाचं पाणी राहिलं होतं. मी दाराच्या हारातला एक झेंडू तोडला, पाण्यात बुडवला, यंत्रापुढे उभा राहिलो, डोळे मिटले आणि तीनदा शिंपडलं. वडिलांपेक्षा जरा जास्तच जोरात. मग हात जोडले. बराच वेळ जोडून उभा होतो. काय मागितलं ते लिहीत नाही, पण त्यात मूत्रपिंडाच्या रुग्णांचा उल्लेख नव्हता.

डोळे उघडल्यावर स्वतःचीच इतकी लाज वाटली की यंत्र घाईघाईने पुसलं, कव्हर घातलं आणि निघालो. बाटलीकडे पाहिलंही नाही.

दसरा झाला आणि आम्ही आजारी नमुने चालवायला घेतले, त्याच बाटलीतल्या बफरमध्ये पातळ करून, रोज एक ते दोन. निरोगी नमुन्यांचे आकडे दसऱ्याआधीचे तयारच होते. पहिल्या दिवशी पडद्यावर ठिपके आले. थोडे नाही, भरपूर. दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. तिसऱ्या दिवशी सर जेवणाचा डबा तसाच टाकून पडद्यापुढे बसले. चौथ्या दिवशी पडदा असा भरला की ठिपके मोजणाऱ्या आज्ञावलीने माफी मागितली. नमुने आजाराच्या क्रमाने लावलेले होते हे सांगितलंच. कमी आजारी पहिल्या दिवशी, जास्त आजारी चौथ्या दिवशी. त्यामुळे आलेख असा सुंदर चढत गेला की सरांनी तो लॅपटॉपच्या पडद्यावर लावला. आजार जितका वाढलेला, तितके ठिपके जास्त. सरांनी मला मिठी मारली. मावशींना सांगितलं, “मावशी, तुमचं कार्ड पक्कं.” मावशींनी ओले हात पदराला पुसले आणि दाराच्या वाळलेल्या हाराला नमस्कार केला.

मीही खूश होतो. आपली प्रार्थना ऐकली गेली असं मला खरोखरच वाटत होतं. शास्त्र शिकलेल्या माणसाने एवढा सोपा संशयही घेतला नाही, कारण निकाल आपल्या बाजूने लागला की संशय घ्यायला फुरसत कुणाला असते.

आलेख समितीला पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी यंत्राच्या खोलीत फडकं मारत होत्या. मला हाक मारली.

“सर, या बाटलीला मुंग्या लागल्यात. काय गोड हाय का यात?”

मी जाऊन बघितलं. खिडकीच्या फटीतून निघालेली मुंग्यांची रांग टेबलाच्या कडेने येऊन बफरच्या बाटलीवर चढत होती आणि तिच्या मानेभोवती गोळा झाली होती. तिथे वाळलेल्या थेंबांचे चिकट डाग होते. टेबलावरही होते, तीन-चार, एका ओळीत. हात जोरात फिरवला की पाणी ज्या ओळीत पडतं, त्या ओळीत.

मला कळायला वेळ लागला नाही. दारात कोण आलंय हे आमच्या यंत्राला सांगता येत नव्हतं, ते मुंग्यांनी कुठलाही रंग न लावता ओळखलं होतं. तरी मी एक वाजेपर्यंत थांबलो आणि नमुना न घालता नुसता बफर चालवला. पडदा भरून गेला. ज्याच्यात कुणाच्याच शरीरातलं काही नव्हतं त्या पाण्याला मूत्रपिंडाचा अतिशय वाढलेला विकार निघाला. नारळाच्या पाण्यातल्या पुड्या तर होत्याच, शिवाय त्या गोडाच्या आधाराने चार दिवस बाटलीत जिवाणूंनी संसार मांडला होता आणि रोज वाढवत नेला होता. आमचा चढता आलेख हा त्या संसाराचा होता.

मी सरांना सांगितलं की बफर खराब झालाय. सर पांढरे पडले. “कशाने?” मी म्हटलं, बहुतेक नारळाचं पाणी. सरांनी डोळे मिटले आणि म्हणाले, “मावशी.”

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. एक वाक्याचं काम होतं. मी टेबलावरचा पेपरवेट सरळ केला. दारापाशी मावशी उभ्या होत्या, हातात फडकं, आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, घाबरून बघतायत.

सर त्यांना म्हणाले, “मावशी, नारळाचं पाणी आत नेलं होतं?”

“मी फोडला तो भायेर,” मावशी म्हणाल्या. “वाटी बी भायेरच होती.”

“मग आत कसं गेलं?”

 माझ्यावरची नजर काढून मावशींनी फडक्याकडे पाहिलं. न बोलणं म्हणजे कबूल करणं, असं आमच्या ऑफिसात धरतात. सगळ्याच ऑफिसांत धरत असतील.

संध्याकाळी मला राहवेना. मी सरांच्या केबिनमध्ये गेलो, दार लावलं आणि सगळं सांगितलं. फुलासकट, डोळे मिटण्यासकट. सर शांतपणे ऐकत होते. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, “हे बघ. मला सांगितलंस, बरं केलंस. आता दुसऱ्या कुणाला सांगू नकोस. मावशींच्या हातून झालं तर ती चूक. चुकीसाठी फॉर्म आहे. तुझ्या हातून झालं तर ती बातमी. पीएचडी झालेला माणूस बायोसेन्सरवर तीर्थ शिंपडतो, हे मी कमिटीला कसं सांगू? हसतील आणि निघून जातील. मग तूही घरी, मीही घरी, आणि मावशी पण घरीच ना?”

“पण मावशींचं कार्ड...”

“त्यांचं मी बघतो. तू टेन्शन घेऊ नकोस.”

मी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. आपण कबूल केलंय, आता पुढचं सरांवर, असा मी हिशेब केला आणि त्या रात्री आठ महिन्यांत पहिल्यांदा मला गाढ झोप लागली. त्या झोपेची मला आजही लाज वाटते, शिंपडण्यापेक्षा जास्त.

फॉर्म मलाच भरायचा होता, कारण दोष शोधणारा मी. तो संगणकावर भरायचा असतो आणि त्यात एकही रकाना रिकामा ठेवलेला चालत नाही. घटना: बफर दूषित होणे. कारण: यंत्रकक्षात पूजासाहित्याचा शिरकाव. संबंधित व्यक्ती. इथे मी अडलो. ‘लागू नाही’ लिहून पाहिलं, संगणकाने लाल रेघ मारली. ‘अज्ञात’ लिहिलं, पुन्हा लाल रेघ. शेवटी खाली एक यादी उघडली, तिच्यातला पर्याय निवडायचा होता: शास्त्रज्ञ, तंत्रज्ञ, कंत्राटी सहायक कर्मचारी, पाहुणे. मी तिसरा पर्याय निवडला. रेघ हिरवी झाली. त्यानंतरचा रकाना: सुधारात्मक कारवाई. सर मागे उभे होते. त्यांनी सांगितलं ते मी टाइप केलं, की संबंधित कर्मचारी एजन्सीमार्फत बदलण्यात येत आहे. खाली माझी सही.

समिती आली. तिघे होते, तिघांनाही साखरेशिवाय चहा लागला. सरांनी आधी सुंदर आलेख दाखवला, मग तो खोडून दाखवला, आणि माझ्याकडे हात करून म्हणाले, “हा निकाल आमच्या बाजूने होता. तरी आमच्या सहकाऱ्याने स्वतः शंका घेतली, स्वतः तपासलं आणि स्वतः खोडला.” तिघांपैकी सर्वांत वयस्कर गृहस्थ उठले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, आजकाल हे दुर्मिळ झालंय. अनुदानाची मुदत वाढवून मिळाली. पत्र नंतर आलं, त्यात माझ्या सचोटीबद्दल दोन ओळी होत्या. मुंग्यांबद्दल काही नव्हतं.

मावशींना एजन्सीचा फोन समिती यायच्या आदल्या संध्याकाळी गेला होता, उद्यापासून नका येऊ म्हणून. त्या दिवशी त्यांनी नेहमीसारखं सगळं धुऊन ठेवलं होतं. सकाळी मी आलो तर फळीवर बाटल्या ओळीत, प्रत्येकीला झाकण. आठवडाभराने छापणाऱ्याकडून ओळखपत्रं आली. सगळ्यांची सोबत मागवली होती, म्हणून मावशींचंही होतं. प्रयोगशाळा सहायक. हिरवी साडी, आणि ते हसू की गप्प ते. सर म्हणाले, कापून टाक. मी खणात ठेवलं.

खणात ते बरेच महिने होतं. स्टेपलर काढायला गेलं की दिसायचं. शेवटी एका रविवारी मी ते खिशात घालून जासईला गेलो. घर शोधायला त्रास झाला नाही, प्रयोगशाळेत बाटल्या धुणारी म्हटलं की तिथे पोरांनासुद्धा माहीत होती. मावशींनी मला आत बसवलं. आता त्या एका यार्डाच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासतात म्हणाल्या. बाहेरून एकामागून एक ट्रेलर जात होते. टीव्हीवर कापड होतं, पाण्याच्या हंड्यावर ताट, रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत. भिंतीवर एका खुंटीला काहीच टांगलेलं नव्हतं.

मी बसमध्ये ठरवून आलो होतो की सगळं कबूल करायचं. तोंडातून आलं ते असं: “मावशी, सरांनी तुमच्यावर अन्याय केला.”

मावशींनी माझ्याकडे तसंच पाहिलं, त्या दिवशी दारातून पाहिलं होतं तसं. मी घाईने ओळखपत्र काढून दिलं. त्यांनी ते लांब धरून पाहिलं, मग जवळ धरून.

“आता याचा उपेग होतो का?”

“नाही.”

“मंग फोटूपुरताच हाय.” त्यांनी ते पदराने पुसलं. “पन फोटू बरा आयलाय.”

उठून त्यांनी ते खुंटीला टांगलं आणि चहा ठेवला. माझ्याकडे पाठ होती तेव्हा बोलल्या.

“सर, त्या दिशी मी माझा डबा इसरली होती. अर्ध्या वाटंतून परत आयली. काचंतून बघला तं तुमी मशिनीपुढं हात जोडून उभं होताव.”

मी खुंटीवरच्या कार्डाकडे बघितलं.

“बाजूला बाटलीचा झाकन उघडा होता. मना दिसला. आत येऊन लावनार होती. पन तुमी डोले मिटलेलं. हात जोडलेल्या मानसाला टोकू नये म्हनून दार न वाजवता तशीच गेली.” त्यांनी कपात चहा ओतला. “टोकला असता तं बरा झाला असता.”

“तुम्ही तेव्हा सरांना सांगितलं का नाही?”

“तुमी उभं होताव ना तिथंच,” मावशी म्हणाल्या. “मना वाटला, तुमीच सांगाल.”

अर्धा चहा झाला. मी कप खाली ठेवला. माफ करा, म्हणायचं होतं, ते या वेळीही जमलं नाही. बाहेर ट्रेलर गेला आणि दारातून धूळ आत आली.

“आता लावताव ना झाकना?” त्यांनी विचारलं.

“लावतो,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, माझ्या अर्ध्या चहाकडे पाहिलं, आणि धूळ पडायला नको म्हणून त्याच्यावर बशी ठेवली.